कोळशाचें काळोखें चित्र कसें वाचावें : मस्तगडच्या विहिरीच्या निमित्तानें

जुन्या दप्तरांचा शोध घेणाऱ्यांच्या हातीं केवळ यादी, महजर व निवाडेच येतात असें नाहीं. कागदांच्या घडींत दडपलेलीं, कडा झिजलेलीं, कोणीं व कधीं काढलीं याचा उल्लेख नसलेलीं चित्रेंही येतात. रंगीत चित्राच्या बाबतींत पोषाख, पगडी, शस्त्रें, हांशियाची वेलबुट्टी यांवरून कांहीं तरी निर्णय करतां येतो. परंतु नुसत्या कोळशानें काढलेलें, बहुतेक अंग काळोखानें व्यापलेलें चित्र हातीं आलें म्हणजे संग्राहकाची मोठी पंचाईत होते, आणि पंचाईत झाली म्हणजे कल्पना धांवूं लागते. काळोख दिसला कीं शोक, तटाची सावली दिसली कीं पराभव, पायऱ्या खालीं उतरतांना दिसल्या कीं पाताळ, असे अर्थ मनांत उभे राहतात व ते चित्राच्या पाठीवर शिसपेनीनें लिहिले जातात. एका पिढीनंतर तें पाठीवरील लिखाणच पुरावा म्हणून पुढें येतें. या लेखाचा रोख त्या शिसपेनीच्या लिखाणावर आहे.

हें भय काल्पनिक नव्हे. श्रीशिवछत्रपतींचें म्हणून जें चित्र महाराष्ट्रांत कित्येक वर्षें घरोघर लागत होतें व पुस्तकांत छापलें जात होतें, तें दुसऱ्याच एका पुरुषाचें होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं इ. स. १९३३ मध्यें व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या ग्रंथांतील चित्र पुढें आणलें, तेव्हां कोठें तो भ्रम मोडूं लागला. तेथें निदान चेहरा होता, पेहराव होता, तुलनेस इतर चित्रें होतीं. तरीही एवढा काळ चूक चालली. जेथें चेहरा नाहीं, पेहराव नाहीं, केवळ काळें आणि करडें आहे, तेथें चूक किती काळ चालेल याचा अंदाज वाचकांनींच करावा.

चर्चेस एखादें ठिकाण डोळ्यांपुढें असावें म्हणून आम्ही जालन्याचा मस्तगड घेतों. कुंडलिका नदीच्या कांठच्या या शहराच्या पूर्वेस जो किल्ला आहे त्याचा बालेकिल्ला तो मस्तगड. किल्ला चौकोनी, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज. निजामुल्मुल्क आसफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखान यानें इ. स. १७२५ च्या सुमारास तो बांधिला असें गॅझेटिअरकार सांगतात. हा काळ लक्षांत घेण्यासारखा आहे. आक्टोबर १७२४ मध्यें साखरखेर्ड्याच्या लढाईंत मुबारिजखानाचा पाडाव करून आसफजाहानें दक्षिणेंत आपलें बस्तान बसविलें. साखरखेर्डें जालन्यापासून फार दूर नाहीं. त्या विजयानंतर लगेच या व्यापारी शहराशेजारीं तट उभा राहावा हें त्या राजकारणास धरूनच आहे, असें आम्हांस वाटतें. बालेकिल्ल्यांत एक मोठी विहीर असून तिच्या पोटांत सज्जे व खोल्या आहेत. अशा विहिरी मराठवाड्यांत व दक्षिणेंत इतरत्रही आहेत. उन्हाळ्याच्या दुपारीं बसण्यास थंड जागा हा त्यांचा एक साधा उपयोग होता. पुढील काळांत याच बालेकिल्ल्यांत नगरपालिकेची कचेरी नांदली.

येथें एक विषयांतर करणें भाग आहे. बालेकिल्ल्यावर फारसी शिलालेख असून त्यांत हिजरी सन ११३९ दिला आहे, असें नमूद करून त्यापुढें कंसांत इ. स. १७२९ असें छापलेलें आढळतें. या दोहोंचा मेळ बसत नाहीं. हिजरी ११३९ चा आरंभ इ. स. १७२६ च्या आगस्ट महिन्याच्या अखेरीस होतो व तें वर्ष १७२७ च्या आगस्टांत संपतें. म्हणजे एक तर हिजरी सन वाचण्यांत चूक आहे, किंवा तो इसवी सनांत उतरवितांना झाली आहे. दगडावर कोरलेल्या अंकांचीही जर ही अवस्था, तर तारीख नसलेल्या चित्राविषयीं किती सावधगिरी पाहिजे !

आतां असें समजा कीं, मस्तगडच्या या विहिरीचें कोळशानें काढलेलें एक चित्र संग्राहकापुढें आलें आहे. तळाशीं दाट काळोख. सज्ज्यांच्या कमानी एकाखालीं एक अर्धवट बुडालेल्या. वर तोंडाशीं तेवढी कागदाची पांढरी कोर. माणूस एकही नाहीं. असें चित्र खरोखर आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परीक्षेसाठीं तें कल्पिलें आहे, इतकेंच. संग्राहक जालन्याचा इतिहास जाणणारा असला तर त्यास तीन गोष्टी एकदम आठवतील. पहिली, अबुल फजलाची. अकबराच्या दरबारचा हा पंडित कांहीं काळ जालन्यास राहत होता असें सांगतात. तेव्हां हा काळोख म्हणजे दरबारापासून दुरावलेल्या विद्वानाचें एकाकीपण. दुसरी, इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजी महाराजांनीं लुटलेल्या जालनापुराची. त्या वेळीं जान महंमद नांवाच्या फकिराच्या तकियांत धनिक आश्रयास गेले, तेथेंही लूट पोहोंचली, व पुढें ३ एप्रिल १६८० रोजीं महाराजांचें निधन झालें तें त्या फकिराच्या शापानें, असें खाफीखान लिहितो. म्हणजे हा काळोख त्या शापाचा ! तिसरी, इ. स. १८०३ ची : २ सप्टेंबर रोजीं कर्नल स्टीव्हन्सन यानें जालन्याचा किल्ला घेतला व त्याच महिन्याच्या २३ तारखेस असईस शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला. म्हणजे काळोख मराठी राज्याच्या मावळतीचा.

तिन्ही अर्थ ऐकावयास गोड आहेत. पहिले दोन तर तारखांपुढें क्षणभरही टिकत नाहींत. अबुल फजल इ. स. १६०२ मध्यें मारला गेला; मस्तगडाचा पाया त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं पडला. जालनापूर लुटलें गेलें तेव्हांही हा गड नव्हता. तो यावयास शेचाळीस वर्षें होतीं. ज्या विहिरीनें ती लूट पाहिलीच नाहीं, तिच्या तळाशीं त्या लुटीचा शाप कसा सांपडावा ? फकिराच्या शापाची कथा ही खाफीखानाची इतिहासदृष्टि समजण्यास उपयोगी आहे. जालन्यांतील एखाद्या दगडाची किंवा चित्राची ती साक्ष नव्हे. ही गोष्ट आम्ही अधिक ठासून सांगतों, कारण अशा कथेला चित्राची जोड मिळाली म्हणजे ती निरुपद्रवी राहत नाहीं. शहरांतील दोन समाजांच्या आठवणींत ती आणखी एक कांटा रोवून बसते.

आणखी एक मोह येथेंच नोंदवून ठेवावा. जालनापुराहून परततांना महाराजांच्या लष्करावर जो मोंगली सरदार चालून आला त्याचें नांव सभासदानें रणमस्तखान असें दिलें आहे. त्याच प्रसंगीं सिधोजी निंबाळकर पडला. रणमस्तखान आणि मस्तगड, हें नादसाम्य पाहून कोणी उत्साही शोधक गडाचें नांव त्या खानावरून पडलें असें म्हणूं लागेल. मधलीं शेचाळीस वर्षें व मधली निराळी राजवट यांचा खुलासा केल्यावांचून तसें म्हणतां येणार नाहीं. नांवाच्या सारखेपणावर रचलेला इतिहास आणि काळोखाच्या सारखेपणावर रचलेला अर्थ, हीं एकाच जातीचीं अपत्यें होत.

तिसरा अर्थ, १८०३ चा, तारखेनें बाद होत नाहीं. तेव्हां त्यास दुसऱ्या कसोटीस लावलें पाहिजे, व ती कसोटी म्हणजे कागद व कोळसा.

आपल्या इकडील चितारी कोळसा जाणत नव्हते असें नाहीं. उलट चित्राचा पहिला स्पर्श कोळशाचाच असे. चिंचेच्या बारीक फांद्या कोंडून जाळून केलेल्या कांडीनें आकृति बांधावयाची, ती मनासारखी झाली म्हणजे गेरूनें पक्की करावयाची, वर पांढऱ्याचा पातळ हात देऊन त्यांतून दिसणारी रेघ पुन्हा काजळीच्या शाईनें उचलावयाची, अशी रीत होती. कोळशाचा दुसरा उपयोग खाका झाडण्याचा. मूळ चित्राची बाह्यरेघ सुईनें टोंचून घ्यावयाची, तो टोंचलेला कागद नव्या कागदावर ठेवावयाचा, व कोळशाच्या पुडीची कापडी पुरचुंडी त्यावर हळूहळू आपटावयाची. भोकांतून गळलेल्या भुकटीच्या ठिपक्यांनीं नवी आकृति उमटते. एकच खाका दहा-वीस वेळां झाडला म्हणजे तो कागद काळाठिक्कर पडतो, मूळ आकृति त्यांत बुडून जाते. चिताऱ्यांच्या घराण्यांतील जुन्या गाठोड्यांत काळवंडलेले जे कागद मिळतात त्यांत असे खाके पुष्कळ असावयाचे. उजेडासमोर धरून पाहावें. सुईचीं भोंकें दिसलीं कीं त्या काळोखाचा उलगडा झाला. तो शोकाचा नाहीं, वापराचा आहे. दिवाणखान्यांत चौकटींत लावून त्याच्यावर भावार्थ लिहिणें म्हणजे लोहाराच्या भात्यावरील काजळीस करुणरस म्हणणें होय.

म्हणजे जुन्या पद्धतींत कोळसा हा आरंभीं येतो व काम झालें कीं दृष्टीआड होतो. संपूर्ण चित्र कोळशांतच उभारून तसेंच ठेवावयाचें, ही कल्पना त्या पद्धतींत बसत नाहीं, व याचें कारण केवळ रुचि नव्हे, कागद आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागद हातानें केलेला खरा, पण खळ देऊन व गोट्यानें घोटून तो गुळगुळीत केलेला असे. बोरूच्या लेखणीस तसाच कागद पाहिजे. कोळशास मात्र तो पाहिजे त्याच्या उलट. कोळशाची भुकटी धरून ठेवण्यास कागदाच्या अंगीं खरखर लागते. घोटलेल्या कागदावर ती बसत नाहीं, बोट लागतांच निघून जाते. दाट, थरावर थर दिलेला काळोख अशा कागदावर साधणें फार कठीण, आणि साधलाच तर शंभर वर्षें टिकणें त्याहून कठीण. म्हणून मस्तगडच्या विहिरीचें खरखरीत विलायती कागदावर दाट कोळशानें पूर्ण केलेलें चित्र आलें, तर तें बहुधा मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या स्थापनेनंतरचें, म्हणजे १८५७ नंतरचें, किंवा त्या वळणाच्या शिक्षणांतून पुढें आलेलें समजावें. पलीकडे जावयाचें तर एखाद्या युरोपियनाच्या हातचें म्हणावें लागेल, व तसें म्हणण्यास निराळा पुरावा लागेल.

कलाशाळेच्या शिक्षणांत कोळशाचें स्थान निराळें होतें. प्लास्टरच्या पुतळ्यावर एका बाजूनें उजेड घेऊन छायाप्रकाशाचें अनुकरण करणें हा तेथील मुख्य पाठ. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्यासारख्या चित्रकारांची पिढी या शिस्तींतून तयार झाली. अशा पाठांत काळोख हा विषयाचा नसतो, परीक्षेचा असतो. विहिरीच्या तळाशीं इतका काळा रंग कां, तर विद्यार्थ्यास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवावयाच्या होत्या, हें उत्तर अगदीं शुष्क आहे, पण पुष्कळदां तेंच खरें असतें.

काळें द्रव्य कोळसाच आहे किंवा नाहीं हेंही आधीं ठरवावें. भिंगाखालीं कोळशाचे कण लांकडाच्या बारीक चुऱ्यासारखे, कागदाच्या उंचवट्यांवर बसलेले दिसतात. शिसपेनीची रेघ तिरप्या उजेडांत धातूसारखी चमकते. काजळीची शाई कागदाच्या अंगांत मुरलेली असते. फ्रान्सांत इ. स. १७९५ मध्यें काँटे यानें शिसें व माती भाजून कांड्या करण्याची युक्ति काढली. त्या वळणाच्या काळ्या खडूचा डाग कोळशाहून दाट व चिकट असतो, बोटानें सहज पसरत नाहीं. नांव कोळशाचें पण द्रव्य निराळें, असें फार होतें. इ. स. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचीं झैनुल आबेदिन यांनीं काढलेलीं चित्रें छापील पुस्तकांत पाहून पुष्कळांस तीं कोळशाचीं वाटतात. तीं कुंचल्यानें व शाईनें काढलेलीं आहेत. ती शाईही त्यांनीं कोळशापासून घरीं केली व साध्या बांधणीच्या कागदावर चित्रें काढलीं असें सांगतात. म्हणजे तेथील काळोख व दारिद्र्य विषयांत तर आहेच, सामानांतही आहे. त्या चित्रांचा भाव कोणासही विचारावा लागत नाहीं. पण याचें कारण काळा रंग नव्हे. वर्ष ठाऊक आहे, स्थळ ठाऊक आहे, चित्रकार तेथें होता हें ठाऊक आहे.

काळोख काळानेंही येतो. कोळसा कागदावर धरून राहावा म्हणून लाख स्पिरिटांत विरघळवून ती फवारण्याची चाल आहे. लाख जुनी झाली म्हणजे पिंवळी व पुढें तपकिरी होते, आणि चित्रांत जी संध्याकाळ कधीं नव्हती ती हळूहळू उतरते. याचा मोठा दाखला जालन्याच्या शेजारींच आहे. अजिंठ्याच्या चित्रांवर शतकानुशतकांचा धूर, वटवाघळांची घाण व नकला काढणाऱ्यांनीं फांसलेलें रोगण बसलेलें होतें, इ. स. १९२० ते १९२२ या काळांत हैदराबाद सरकारनें चेकोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणवून चित्रांची डागडुजी करविली, तेव्हां लाखेचाही उपयोग झाला व ती पुढें काळवंडली. अजिंठ्याच्या चित्रांतील गूढ सांजछायेविषयीं ज्यांनीं पानेंच्या पानें लिहिलीं त्यांनीं कांहीं अंशीं रोगणाचेंच रसग्रहण केलें. पुढें साफसफाई होऊन मूळ रंग उघडे पडूं लागले, तेव्हां त्यांतील उजळपणा पाहून अभ्यासकांस आश्चर्य वाटलें.

इतकें झाल्यावर, म्हणजे काळोख वापराचा नाहीं, पाठाचा नाहीं, लाखेचा नाहीं, असें ठरल्यावरच भावाचा प्रश्न विचारावा. तो विचारूंच नये असें म्हणणाऱ्यांचा एक पक्ष आहे. चित्र म्हणजे वस्तु, तिचें माप घ्यावें, द्रव्य लिहावें आणि स्वस्थ बसावें, असें ते म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. बखरींतील त्वेष आम्ही वाचतों, पत्रांतील अगतिकता वाचतों. चित्रांतीलच भाव तेवढा वाचूं नये याला आधार काय? मात्र तो कोणत्या भाषेंत लिहिला आहे हें आधीं ओळखलें पाहिजे.

आपल्या शास्त्रांत रंग व रस यांची सांगड घातलेली आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत करुणाचा वर्ण कपोत म्हणजे पारव्यासारखा करडा सांगितला असून त्याची देवता यम आहे. कृष्णवर्ण हा भयानकाचा, व त्याची देवता काल. काळें म्हणजे शोक हें समीकरण तेथें नाहीं. आपल्याकडे सुतकाचें वस्त्र पांढरें. काळ्या पोषाखानें शोक दाखविणें ही युरोपियन चाल. तेव्हां काळोखी विहीर पाहून आमच्या मनांत जो एकदम शोक उभा राहतो, तो पुष्कळ अंशीं इंग्रजी पुस्तकांनीं शिकविलेला आहे. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्र तर याहून पुढें जाऊन सांगतें कीं, राहत्या घरांत शृंगार, हास्य व शांत या रसांचींच चित्रें असावींत; इतर रसांचीं चित्रें देवालयांत वा राजसभेंत चालतील. जुन्या घरांतून भयाण चित्र मिळालें असें सांगण्यांत येतें तेव्हां हा दंडक आठवावा. रात्र दाखविण्याची आपल्या चिताऱ्यांची तऱ्हाही निराळी होती : अभिसारिका मेघांच्या काळोखांतून निघालेली असली तरी तिचा चेहरा, दागिने, पायांजवळचा सर्प, सर्व कांहीं स्वच्छ दिसतें. रात्र आकाशाच्या रंगानें सांगितलेली असते. वस्तूंना बुडवून नव्हे.

वस्तु काळोखांत बुडविण्याची भाषा पश्चिमेची आहे, आणि तेथें तिला गेल्या दीडशें वर्षांत फार मोठे कवि मिळाले. फ्रान्सांतील ओदिलाँ रेदाँ (१८४०–१९१६) यानें वयाच्या पन्नाशीपर्यंत मुख्यतः काळ्यांतच काम केलें, इ. स. १८८१ च्या कोळशाच्या दोन चित्रांत त्यानें कोळ्याला माणसाचा चेहरा दिला, एक हंसणारा व एक रडणारा. येथें प्रतीक शोधणें योग्य, कारण रंग हाताशीं असतां त्यानें काळें निवडलें व पुढें रंगाकडे वळून तेंही सिद्ध केलें. जर्मनींतील केटे कोल्विट्झ (१८६७–१९४५) ही तर आमच्या धुरंधरांच्याच वर्षीं जन्मलेली. इ. स. १९१४ च्या आक्टोबरांत तिचा धाकटा मुलगा युद्धांत पडला. त्यानंतरच्या तिच्या माता व मृत्यु यांच्या चित्रांचा अर्थ तिच्या रोजनिशींतून पडताळून घेतां येतो. दोघांच्याही बाबतींत चित्राबाहेरचा कागद आहे. जालन्याच्या आपल्या कल्पित चित्रकाराजवळ रंगाची पेटी होतीच कशावरून ? कोळसा फुकट मिळतो. म्हणून त्यानें काळें ‘निवडलें’ असें म्हणण्यापूर्वीं त्याला दुसरें कांहीं मिळण्याजोगें होतें हें दाखवावें लागेल.

एकाच स्थळाचे दोन भाव होऊं शकतात याचें उदाहरण वेरूळचें आहे. पुण्यास रेसिडेंट असलेल्या चार्लस मॅलेटानें वेरूळच्या लेण्यांवर लेख लिहिला, तो एशियाटिक रिसर्चेसच्या सहाव्या खंडांत आहे. त्याच्या पदरीं गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार लेण्यांचीं व इतर चित्रें काढीत असे. इ. स. १७९१ मध्यें मुंबईस आलेला जेम्स वेल्स हाही लेण्यांचीं चित्रें काढीत हिंडला व १७९५ मध्यें येथेंच वारला. त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनिअल यानें वेरूळचा चित्रसंग्रह इ. स. १८०३ मध्यें लंडनास प्रसिद्ध केला. तेंच असईचें साल. डॅनिअलच्या छाप्यांत लेण्यांचीं तोंडें गडद, खडक अंगावर येणारे, माणसें ठेंगणीं. गंगारामाचा हात मुख्यतः रेघेचा. खांब मोजतां यावे, मूर्ति ओळखतां यावी, ही त्याची ओढ. डॅनिअलच्या त्या सावल्यांत तेव्हांच्या इंग्लंडांत मान्य असलेली भव्यभीषणाची आवडही पडली आहे. नुसते डॅनिअलचे छापे पाहून वेरूळ हें भयाण स्थान असल्याचें कोणी म्हणेल, तर तें वेरूळविषयीं विधान होणार नाहीं, लंडनविषयीं होईल.

मग आपल्या विहिरीच्या चित्रांत हातानें केलेलें असें काय वाचतां येईल ? सर्वांत आधीं उजेड. विहिरींत उजेड वरूनच येतो, हें सांगावयास नको. सकाळीं व संध्याकाळीं तो एकाच बाजूच्या वरच्या सज्ज्यावर पडतो. भर दुपारीं, पाणी असेल तर, तो पाण्यावर आपटून परत येतो व कमानींच्या खालच्या अंगास लागतो. तेव्हां कमानीचा पोटाकडचा भाग उजळ काढलेला दिसला, तर ‘पाताळांतून येणारा गूढ प्रकाश’ असें लिहूं नये. चित्रकार बाराच्या सुमारास तेथें बसला होता व विहिरीस पाणी होतें, एवढें लिहावें. हें लिहिणें कमी मोलाचें नाहीं; पाण्याची नोंद ही इतिहासाची नोंद आहे. उलट पाणी कोरडें दाखविलें असून खालून उजेड आला असेल, किंवा एकाच कमानींत उजेडाचें कारण नसतां पांढरें राखलें असेल, तर तेथें चित्रकाराचा हेतु आहे, आणि तेथें थांबून विचार करावा. कोळसा पुसून काढण्यास पावाचा मऊ गर वापरीत; कोळसा लावून मग उचललेलें पांढरें आणि मुळांतच न स्पर्शिलेलें पांढरें हीं भिंगाखालीं निराळीं दिसतात. जें मुळांत राखलें तें आधीं ठरविलेलें. जें मागून उचललें तें काम करतां करतां सुचलेलें. चित्रकाराच्या मनाचा याहून प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळतो.

दुसरें, माणसांचा अभाव. गांवच्या विहिरीवर बायका, दोर, घागरी, मोट असावयाची. तीं वगळलीं असतील तर वगळण्यांत अर्थ आहे. परंतु मस्तगडची विहीर ही बालेकिल्ल्याच्या आंतली. तेथें गांवची पाणवठ्याची गर्दी नसणें हीच वस्तुस्थिति असूं शकते. आणि प्रतीकच शोधावयाचें तर तें या मातीचें शोधावें. महाराष्ट्रांतील बायाबापड्यांस विहिरीचा काळोख म्हणजे मनाचें खोल विवर वाटत नाहीं. तेथें साती आसरा राहतात. विहिरीच्या कांठीं शेंदूर लावलेले सात खडे, हळदकुंकू, हिरवी चोळी, दहीभात, अशी त्यांची पूजा असते. भय आहे, पण घरच्या वडीलधाऱ्या बायकांचें असावें तसें. चित्राच्या कोपऱ्यांत एखाद्या कोनाड्याशीं सात लहान ठिपके दिसले, तर तीं कोळशाचीं चुकार बोटें समजून पुसूं नयेत. बाकीच्या सर्व काळोखापेक्षां त्या सात ठिपक्यांत अधिक अर्थ असण्याचा संभव आहे.

अशा चित्राची नोंद करतांना आम्ही पुढीलप्रमाणें लिहूं : द्रव्य, कोळसा; कागद, खरखरीत, विलायती; पाणचिन्ह असल्यास त्याची नक्कल; लाखेचा थर आहे किंवा नाहीं; सुईचीं भोंकें आहेत किंवा नाहींत; कोठें पांढरें राखलें व कोठें उचललें; पाठीवरील लिखाण अक्षरशः, व तें कोणत्या हातचें व कोणत्या शाईचें; मग रेघ ओढून, तिच्याखालीं, नोंद करणाराचें स्वतःचें मत, सहीसह. भावार्थ रेघेच्या वर जाऊं देऊं नये. आणि विषय ‘मस्तगडची विहीर’ असा लिहावयाचा तर सज्ज्यांची संख्या व कमानींची घडण जागेवर जाऊन ताडून पाहिल्यावरच लिहावा. दक्षिणेंत सज्जेदार विहिरी थोड्या नाहींत.

जागेवर जाणाराने आणखी एक काम करावें. त्या फारसी शिलालेखाचा स्वच्छ ठसा घ्यावा. कागद ओला करून दगडावर बसवावा, ब्रशानें ठोकून अक्षरांच्या खांचांत दाबावा, सुकत आला म्हणजे काजळीच्या शाईची गादी हलक्या हातानें फिरवावी. अक्षरें कोरलेलीं असल्यास पांढरीं राहून भोंवतालचें सर्व काळें होतें. उठावाचीं असल्यास याच्या उलट. ११३९ मधील शेवटचे दोन अंक त्या काळ्यांत कसे उतरतात यावरून १७२५, १७२७ व १७२९ यांपैकीं कोणतें साल राहतें व कोणतें जातें हें ठरेल.